मेंदूतील रक्तस्राव आणि रक्तातील दाहाची साक्ष

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



११ फेब्रुवारी १९४२ हा दिवस वर्धेच्या जुन्या पिढीने कधी विसरला नाही. त्या दिवशी सेठ जमनालालजी बजाज यांचे मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात निधन झाले. गोसेवेच्या कार्यात गढलेला, कामात सतत वावरणारा तो माणूस काही तासांत गेला. निरोप मिळताच गांधीजी सेवाग्रामहून निघाले; परंतु ते येऊन पोहोचले तेव्हा सर्व संपले होते. ज्या नगरीत देशाचे नेते सल्लामसलतीस येत, त्या नगरीतही या व्याधीपुढे कोणाचे काही चालले नाही. मेंदूचे छायाचित्र घेणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णावर प्रथम वापरले गेले ते १९७१ साली, लंडनमध्ये. म्हणजे १९४२ साली हे साधन जगात नव्हते.

आज स्थिती वेगळी आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, तसेच सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी दोन मोठी वैद्यकीय केंद्रे या एकाच जिल्ह्यात, शहरापासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. तेव्हा प्रश्न साधनांचा उरलेला नसून निराळाच आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात निश्चेष्ट पडलेला असतो, बाहेर बाकावर घरची मंडळी बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य असते, "डॉक्टरसाहेब, बाबा बरे होतील ना?" या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या थेंबात शोधण्याचा जो प्रयत्न वैद्यकशास्त्राने गेल्या काही वर्षांत चालविला आहे, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. तो विचार डॉक्टरांपुरता नाही. त्या उत्तरावर घरातील माणसे फार मोठे निर्णय घेतात, आणि जैन कुटुंबात त्या निर्णयाला धर्माचीही एक बाजू असते.

प्रथम व्याधीचे स्वरूप. पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते. दुसरा प्रकार संख्येने कमी, पण अधिक घातक. अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के महिन्याभरात दगावतात. बहुतेकांच्या मुळाशी वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला उच्च रक्तदाब असतो. मेंदूच्या खोल भागातील केसासारख्या बारीक धमन्या त्या दाबाखाली झिजत जातात आणि एखाद्या सकाळी फुटतात. बाहेर आलेले रक्त मेंदूत साकळते, शेजारच्या पेशींवर दाब आणते. ही झाली पहिली इजा, आणि ती काही तासांत होऊन जाते.

दुसरी इजा मात्र सावकाश होते, आणि सामान्य माणसाला तिची कल्पना नसते. साकळलेले रक्त मेंदूच्या दृष्टीने परके द्रव्य होय. रक्त गोठविणारे थ्रॉम्बिन, आणि पुढे तांबड्या पेशी फुटून सुटणारे हिमोग्लोबिन व लोह, ही सर्व मेंदूच्या नाजूक पेशींना विषवत ठरतात. मेंदूत पहाऱ्यावर असलेल्या पेशी काही मिनिटांतच जाग्या होतात आणि संदेश पाठवितात. पाठोपाठ रक्तातून पांढऱ्या पेशींची कुमक येते. त्यांचा हेतू स्वच्छतेचा असतो. परंतु आग विझविण्यास आलेल्या माणसांनी दुकानातले उरलेसुरले ताकेही भिजवून टाकावे, तसे त्यांच्या हातून होते. साकळलेल्या रक्ताभोवती सूज चढते आणि ती पहिले काही दिवस वाढतच राहते. यालाच दाह म्हणावयाचे. पहिल्या दिवशी दोन शब्द बोललेला रुग्ण तिसऱ्या दिवशी सुस्त का होतो, याचे एक कारण येथे सापडते.

हा दाह कवटीच्या आत चाललेला असला तरी त्याची वर्दी साऱ्या शरीराला लागते, आणि म्हणून दंडातून काढलेल्या रक्तात त्याची साक्ष मिळते. त्यातील एक साक्षीदार सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, बोलीभाषेत सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. न्यूमोनियाच्या जंतूतील 'सी' नामक अंशाशी त्याची प्रक्रिया होते, म्हणून हे नाव. ते यकृतात तयार होते. दाहाचा संदेश पोहोचल्यावर काही तासांत रक्तातील त्याचे प्रमाण चढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण शमले की तितक्याच झपाट्याने उतरते. साधारण १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे एकाच तपासणीपेक्षा चढउतार पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

दुसरा साक्षीदार त्याहून स्वस्त आहे. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते. तिच्या कागदावर पांढऱ्या पेशींची टक्केवारी छापलेली असते. त्यातील न्यूट्रोफिल म्हणजे तातडीने धावून जाणाऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट म्हणजे विचारपूर्वक लढणाऱ्या. निरोगी माणसात न्यूट्रोफिल ६० व लिम्फोसाइट ३० असतील, तर पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागून २ हे गुणोत्तर येते. मेंदूवर आघात होताच शरीरात ताणाची संप्रेरके उसळतात. न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. तेच आकडे ८४ आणि ७ झाले, की गुणोत्तर १२ वर जाते. हा भागाकार करण्यास ना यंत्र लागते ना पैसा. रोजमेळ लिहिणारा कोणताही मुनीम तो तोंडी करील. इटलीत, चीनमध्ये आणि अन्यत्र झालेल्या अनेक अभ्यासांत असे दिसून आले, की मेंदूतील रक्तस्रावानंतर हे गुणोत्तर ज्यांच्यात अधिक, त्यांच्यात मृत्यूचे वा कायमच्या परावलंबनाचे प्रमाणही अधिक. सीआरपीबाबतही तसेच निष्कर्ष आले आहेत.

हे ऐकून कोणासही वाटेल, की झाले, उत्तर सापडले. वास्तविक पाहता खरी सावधगिरी येथूनच सुरू होते, आणि त्या सावधगिरीचा एक उत्तम धडा सेवाग्रामनेच घालून दिला आहे.

पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनवाचून ओळखता यावे म्हणून दोन गुणपद्धती प्रसिद्ध होत्या. एक लंडनच्या गाइज रुग्णालयाची, दुसरी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाची. शुद्ध कितपत आहे, उलटी झाली का, डोके दुखले का, रक्तदाब किती, अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करावयाची. ग्रामीण भारतासाठी हे वरदानच वाटावे. परंतु सेवाग्रामच्या डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पद्धती जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. त्यांनी त्या आपल्याच रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर लावून पाहिल्या, सीटी स्कॅनशी ताडून पाहिल्या आणि २००३ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये स्पष्टपणे लिहिले, की येथील रुग्णांत या दोन्ही पद्धतींची अचूकता असमाधानकारक आहे. ज्या उपायाने गरीब रुग्णाचा खर्च वाचला असता, तो उपाय पुरेसा खरा उतरत नाही हे सांगण्यास प्रामाणिकपणा लागतो. परमुलखातला गज आणून त्याने माप घेण्यापूर्वी तो आपल्या गजाशी जुळवून पाहावा, हा व्यापारातला नियम वैद्यकातही तितकाच खरा आहे.

रक्तातील दाहसूचकांचेही तेच. गुणोत्तर किती झाले म्हणजे धोका, याचे निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आकडे आहेत. सर्वमान्य अशी एक सीमारेषा नाही. रक्त दाखल होताच काढले की दुसऱ्या दिवशी, यानेही आकडा बदलतो. शिवाय विदर्भातील रुग्ण हा इटलीतील रुग्ण नव्हे. येथे सिकलसेलचे रुग्ण आहेत, ज्यांच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असू शकतात. पावसाळ्यानंतर डेंग्यू असतो, ज्यात त्या घटतात. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या दम्याच्या रुग्णाचे गुणोत्तर आधीच चढलेले असते. मधुमेह्याच्या पायाची जखम, मूत्रमार्गाचा संसर्ग, जुना संधिवात, हे सर्व सीआरपी वाढवितात. कागदावरचा आकडा मेंदूचा आहे की पायाच्या जखमेचा, हे तो आकडा स्वतः सांगत नाही.

या संदर्भात घराघरांत होणाऱ्या एका चुकीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. माणूस कोसळला की प्रेमापोटी कोणीतरी त्याच्या तोंडात चमचाभर पाणी वा मोसंबीचा रस घालते. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि दोन दिवसांनी फुप्फुसात न्यूमोनिया होतो. मग सीआरपी चढतो, ताप येतो, आणि मेंदूने सोसलेल्या इजेत ही नवी भर पडते. डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करीपर्यंत तोंडाने काही म्हणजे काही देऊ नये. सीटी स्कॅन होण्यापूर्वी कोणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनही देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते.

दाह जर अपायकारक, तर तो दाबणारे औषध का देत नाहीत, अशी शंका सुज्ञ श्रोत्यांच्या मनात येईल. तो प्रयोग झालेला आहे. त्याच बँकॉकमध्ये डेक्सामेथासोन हे दाहशामक स्टेरॉइड मेंदूतील रक्तस्रावाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. १९८७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाभ काही झाला नाही. उलट जंतुसंसर्ग आणि साखर वाढणे यांसारख्या गुंतागुंती वाढल्या. धूर पाहून आगीची कल्पना येते खरी, पण धूर कोंडल्याने आग विझत नाही. शिवाय दाहाचे सारेच कार्य वाईट नसते. साकळलेले रक्त उचलून नेण्याचे कामही त्याच पेशी पुढे करतात.

मग आकडे निरर्थक आहेत काय? तसेही नाही. २००१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टरांनी मेंदूतील रक्तस्रावासाठी एक सुटसुटीत गुणपत्रिका तयार केली. शुद्धीची पातळी, साकळलेल्या रक्ताचे आकारमान ३० मिलिलिटर वा त्याहून अधिक आहे काय, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत शिरले आहे काय, रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात आहे काय आणि वय ८० वा त्यापुढे आहे काय, या पाच गोष्टींवरून ० ते ६ गुण मिळतात. अशा मोजमापात रक्तातील दाहाची भर घातली असता अंदाज काहीसा सुधारतो, असे काही अभ्यास सांगतात. कोणत्या रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवावे, कोणाची सूज वाढण्याचा संभव आहे, हे ठरविण्यास डॉक्टरांना त्याचा उपयोग होऊ शकतो. शंभर रुग्णांचा समूह समोर असेल तर त्यातील साधारण किती बरे होतील, हे असे आकडे बऱ्यापैकी सांगतात. त्या शंभरांत घरचा माणूस कोणता, हे मात्र ते सांगू शकत नाहीत. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना हवे असते नेमके तेवढेच.

येथे एक फार सूक्ष्म धोका आहे. २००१ सालीच अमेरिकेतील सिएटल येथील डॉक्टरांनी तो दाखवून दिला. रुग्णाची आशा नाही असे आरंभीच ठरले की उपचार आखडते घेतले जातात. उपचार आखडते घेतले की रुग्ण दगावतो. आणि रुग्ण दगावला की अंदाज खरा ठरल्याची नोंद होते. भाकीतच स्वतःला खरे करून दाखविते. ज्यांची आशा नाही असे डॉक्टरांना वाटले, पण ज्यांचे उपचार चालू राहिले, अशांपैकी काही जण चांगले सुधारले होते. पुढील गुणपत्रिका अशाच नोंदींवरून बनत असल्याने चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, की रुग्णाने पूर्वीच तशी इच्छा व्यक्त केलेली नसेल, तर दाखल झाल्यानंतरचा दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत उपचार थांबविण्याचे निर्णय लांबणीवर टाकावेत आणि केवळ गुणपत्रिकेवरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य ठरवू नये. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, तिसाव्या दिवशी गंभीररीत्या परावलंबी असलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण वर्षअखेरीस बऱ्या स्थितीत आलेले आढळले. ते रुग्ण निवडक प्रयोगांतील होते, सर्वांना तो हिशेब लागू पडणार नाही; तरीही महिन्याभरात निराश होणाऱ्यांनी तो ध्यानी घ्यावा.

आता धर्माच्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे. डॉक्टरांनी मान हलविली की जैन घरात कोणीतरी हळूच विचारते, "संथारा द्यायचा का?" या प्रश्नामागे श्रद्धा असते, माणसाला चांगली गती मिळावी ही तळमळ असते, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत रोग आहे. परंतु तो कसलाही रोग नव्हे, ज्यावर प्रतिकार उरलेला नाही असा रोग. मेंदूतील रक्तस्रावाच्या पहिल्या रात्री, एका सीबीसीच्या आणि एका सीआरपीच्या कागदावर, प्रतिकार उरला नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? वर जे सांगितले त्यावरून उत्तर स्पष्ट आहे. दुसरे असे, की सल्लेखना ही जाणिवेने, कषाय कृश करीत स्वतः स्वीकारावयाची साधना आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या वतीने पुत्राने घेतलेला निर्णय हा पुत्राचा असतो. संकटातून वाचल्यास पारणे करण्याची मुभा ठेवणारा सागारी संथारा परंपरेत आहे, त्याचा विधी महाराजसाहेबांनाच विचारावा. पण त्या मुभेतच बरे होण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला तेव्हा देशभर समाज रस्त्यावर आला आणि ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. संथारा म्हणजे आत्महत्या नव्हे, ते जागृत मनाचे व्रत होय, अशी बाजू समाजाने तेव्हा मांडली. मग घरात तीच जागृती सोडून कशी चालेल?

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारच्या आश्रमात विनोबाजींना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. डॉक्टर औषध घेण्याची विनंती करीत होते. त्यांनी पूर्ण शुद्धीत अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, देह ठेवला. ज्यांच्या प्रेरणेने १९७४ साली सर्व जैन पंथांना मान्य असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला, त्यांचे मरणही जैन साधनेच्या वाटेने गेले. त्यांच्या नावाने आज सावंगीला रुग्णालय आहे आणि तेथे रोज शेकडो लोक औषध घेतात, यात विसंगती काहीच नाही. विनोबाजींचा निर्णय विनोबाजींचा होता. अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या माणसाने तसा निर्णय घेतलेला नसतो.

ज्येष्ठांनी आपली इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवावी, हा त्यावरील मार्ग. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा पूर्वसूचनेस मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. मृत्युपत्र करण्यास दहा वर्षे टाळाटाळ करणारे लोक हेही टाळतील, हे उघड आहे. तरी सांगणे भाग आहे.

उपचारांच्या बाबतीत अलीकडे मिळालेली आशा दाहशामक औषधांतून आलेली नाही. ती साध्या गोष्टी वेळेवर करण्यातून आली आहे. भारतासह १० देशांत सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ या अभ्यासात वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणे, साखर आटोक्यात ठेवणे, ताप उतरविणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटविणे, एवढ्या गोष्टी एकत्र केल्या असता परावलंबन व मृत्यू यांचे प्रमाण कमी झाले. यासाठी रुग्ण लवकर पोहोचला पाहिजे. आर्वी वा हिंगणघाटहून निघताना 'सकाळी पाहू' म्हणणे महागात पडते.

आणि या साऱ्याच्या आधी येतो तो रोजचा रक्तदाब. पापड, लोणचे, शेव, फरसाण यांतून जाणारे मीठ कंदमुळे वर्ज्य केल्याने कमी होत नाही. पर्युषणात अठ्ठाई करणारे कित्येक श्रावक रक्तदाबाची गोळीही परस्पर बंद करतात, आणि पारण्यानंतरही ती सुरू करावयाची राहून जाते. उपवासापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी, पच्चक्खाण घेताना महाराजसाहेबांसही औषधाविषयी विचारावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तिचे नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी, म्हणजे रुग्णालयात कोणासही शोधाशोध करावी लागणार नाही. आणि वर्षातून एकदा निरोगीपणी केलेल्या सीबीसीचा कागद घरी जपून ठेवावा. दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर त्या दिवशीचा आकडा कशाशी ताडून पाहावयाचा, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.